आवाज बसतो वर्गात, दोष मात्र गाण्याला

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका आहे. रोज चाळीस मिनिटांच्या पाच तासिका घेते आणि संध्याकाळी तासभर रियाज करते. माझी पट्टी काळी चार. गेले दोन महिने वरचे स्वर हळू आवाजात लागतच नाहीत, जोर लावला तर लागतात. शुक्रवारपर्यंत आवाज पार घोगरा होतो, सुट्टीनंतर सोमवारी सकाळी जरा बरा असतो. गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, ‘पोटातून आवाज काढ, घसा वापरू नकोस.’ कोमट पाणी, गुळण्या, चघळायच्या गोळ्या सगळं करून झालं. सहा आठवड्यांनी कार्यक्रम आहे आणि त्यातलं एक गाणं तार सप्तकातल्या पंचमापर्यंत जातं. रियाज वाढवू की बंदच करू? जाता जाता आणखी एक : माझ्या १३ वर्षांच्या मुलाला कंठ फुटू लागलाय. तोही गातो. त्याचं गाणं थांबवू का?

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन ओळींपाशी मी थांबले. वरचे स्वर जोर लावला की लागतात, हळू लागत नाहीत, ही एक. आणि सोमवारी आवाज बरा असतो, ही दुसरी. बाकीचं पत्र झाकून ठेवलं तरी या दोन ओळी पुरेशा बोलक्या आहेत. त्या काय सांगताहेत ते कळायला मात्र आधी घशात डोकावावं लागेल.

‘स्वरतंतू’ या शब्दाने आपली जरा फसगतच केली आहे. तंतू म्हटलं की डोळ्यांसमोर ताणलेली तार येते. घशात तार वगैरे काही नसते. कंठमण्याच्या आत, श्वासनलिकेच्या तोंडाशी, पुढून मागे गेलेल्या ओठांसारख्या दोन मऊ घड्या असतात. बायकांमध्ये त्यांची लांबी साधारण १२ ते १७ मिलिमीटर, पुरुषांमध्ये १७ ते २५. म्हणजे तुमचा सगळा रियाज अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत चालतो. फुप्फुसातली हवा खालून दाब देते, मिटलेल्या घड्या उघडतात, हवेचा एक झोत निसटतो आणि घड्या पुन्हा मिटतात. ही प्रत्येक उघडझाप स्नायू करत नाहीत. स्नायू फक्त घड्या जवळ आणतात आणि त्यांना किती ताणायचं ते ठरवतात, पुढचं काम हवा आणि घड्यांचा लवचीकपणा मिळून करतात. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरायची, तिचा मधला सा म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ उघडझापा. वरचा सा म्हणजे ४१५. तुमच्या त्या गाण्यातला वरचा पंचम, म्हणजे वरचा प, जवळजवळ ६२२.

एका सेकंदात सहाशेहून जास्त वेळा दोन कडा एकमेकींवर आपटतात, तरी त्या फाटत नाहीत. कारण घडीला थर असतात. सगळ्यात वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, त्याच्या आत घट्ट थर आणि मग स्नायू. गाताना वरची त्वचा त्या जेलीवर सरकते आणि तिच्यावरून लाट जाते. आवाजाचा गुळगुळीतपणा सगळा त्या लाटेत आहे.

आता तुमची पहिली ओळ. हळू आवाजात वरचा स्वर लावताना घड्या ताणून पातळ झालेल्या असतात, हवेचा दाब अगदी कमी असतो आणि फक्त त्यांच्या कडा थरथरतात. अशा वेळी कडेला जराशी सूज असली तरी ती कड जड होते, नीट मिटत नाही, फटीतून हवा गळते. स्वर उशिरा उमटतो, नाहीतर नुसती हवाच येते. जोर लावला की दाब वाढतो आणि सुजलेली कडही हलायला लागते. स्वर लागला म्हणून आपल्याला बरं वाटतं आणि सूज मात्र आणखी थोडी वाढते. जोरात लागणारा वरचा स्वर गळा ठीक असल्याची खूण मुळीच नाही. हळू लागणारा आहे.

यातूनच तुम्हाला रोज करता येईल अशी एक चाचणी निघते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाने आणि रात्री झोपायच्या आधी, शेजारी तान्हं बाळ झोपलंय असं समजून, ‘ऊ’वर सारेगमप-पमगरेसा म्हणायचं. प्रत्येक वेळी सा अर्ध्या स्वराने चढवायचा. आवाज जराही मोठा करायचा नाही. जिथे स्वर अडखळेल किंवा उशिरा उमटेल तिथे थांबायचं आणि तो स्वर वहीत लिहायचा. पुढे ढकलायचं नाही, हा रियाज नव्हे. आठवडाभराच्या नोंदी समोर आल्या की कुठल्या दिवशी काय केल्याने गळा खाली आला ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि आता दुसरी ओळ. दोष गाण्यावर ठेवायच्या आधी थोडा हिशोब करू. पाच तासिका म्हणजे २०० मिनिटं. त्यातला एक तृतीयांश वेळ तुमचा आवाज प्रत्यक्ष चालू असतो असं धरलं तर सुमारे ४,००० सेकंद झाले. बाईमाणसाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला २०० उघडझापांच्या आसपास असतो. म्हणजे नुसत्या शाळेत आठ लाख आपटण्या, त्याही वर्गाच्या गलक्यावर चढवलेल्या आवाजात. संध्याकाळच्या तासभर रियाजात निम्मा वेळ आवाज चालू आणि सरासरी ३०० उघडझापा धरल्या तर पाच लाख चाळीस हजार. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या वर्गात कमीजास्त होतील. पण ही आपटणी वर्गातली की रागातली, हे त्या घडीला कळत नाही. तिच्या लेखी एकच खातं आहे. तुम्ही शाळेत ते खातं रिकामं करता आणि संध्याकाळी उधारीवर गाता.

गलक्यात आपला आवाज आपोआप चढतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. आपण ठरवून ओरडत नाही, कानाला आपला आवाज कमी ऐकू आला की घसा स्वतःच जोर वाढवतो. म्हणून ‘आजपासून हळू बोलेन’ हा निश्चय पहिल्या तासिकेतच मोडतो. त्याऐवजी गोंगाटावर बोलायचंच नाही. टाळी वाजवा, डस्टर आपटा, नाहीतर हात वर करून गप्प उभ्या राहा, आणि वर्ग शांत झाल्यावरच तोंड उघडा. पहिल्या आठवड्यात वेळ वाया जातोय असं वाटेल. शाळेत छोटा माईक मिळत असेल तर संकोच न करता लावा. माईक लावणं म्हणजे आवाजाची कमजोरी, असं समजणाऱ्या बऱ्याच शिक्षिका मला भेटल्या आहेत. त्याच मग गळा दाखवायला येतात.

बाईंच्या ‘पोटातून आवाज काढ’बद्दल बोलायचं तर वाक्य खोटं आहे, पण त्यामागचा हेतू खरा आहे. पोटात आवाज कुठेच नसतो. गायकाच्या घशात काय चालतं हे गाणारं माणूस कधी बघू शकत नव्हतं, म्हणून गाण्याची भाषा अशीच जाणिवांची बनली : पोटातून, कपाळातून, डोळ्यांमागून. गाताना स्वतःचं स्वरयंत्र पहिल्यांदा नीट पाहिलं ते मॅन्युएल गार्सिया यांनी, १८५४ साली, दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा घशाशी धरून आणि त्यावर सूर्याचा उजेड पाडून. ते गाणं शिकवणारे होते, डॉक्टर नव्हते, आणि तरी कान-नाक-घसा वैद्यकाची एक मोठी वाट तिथून सुरू झाली. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून जागा नसतानाही सांगितली.

तर पोट. बाईंना म्हणायचंय ते असं की हवा हळूहळू, अडवून धरून सोडा. श्वास भरताना छातीखालचं श्वासपटल खाली जातं, बरगड्या फुलतात, पोट पुढे येतं. स्वर लावल्यावर बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत, हा त्यातला सगळा कसब. पण बऱ्याच जणी ‘पोटातून’ ऐकलं की पोट आत ढकलतात. मग हवा दाणकन वर येते आणि घड्यांना ती थोपवायला आणखी घट्ट मिटावं लागतं. तुमचं असं होत असेल असा मला दाट संशय आहे.

किती दाब पुरतो ते घरी बघता येतं. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ पाच सेंटिमीटर बुडवा आणि हळूच फुंका. पहिला बुडबुडा निघाला तेव्हा तुमच्या हवेचा दाब बरोबर पाच सेंटिमीटर पाण्याएवढा होता. साधं बोलायला पाच ते दहा सेंटिमीटर पुरतो. मोठ्याने गाताना तो वीस-तीसच्या वर जातो. नुसतं बोलायला किती थोडं फुंकावं लागतं हे एकदा गालांना कळलं की निम्मा जोर आपसूक सुटतो.

हीच स्ट्रॉ तुमचा सध्याचा रियाज. टोक दोनेक सेंटिमीटरच बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती मिटा, नाकातून हवा जाऊ देऊ नका आणि ‘ऊ’ म्हणत आवाज लावा. आधी खालून वर आणि वरून खाली नुसतं घसरत जा, मग सोपे अलंकार, म्हणजे सारेग-रेगम अशा स्वरांच्या ओळी. बुडबुडे एकसारखे निघाले पाहिजेत. ते थांबले तर हवा अडली, उसळले तर जोर जास्त झाला. पाणी तुमचा परीक्षक. तोंडाशी वाट अरुंद केली की हवेचा थोडा दाब मागे घशात साठतो. घड्या मग कमी जोरात आपटतात आणि कमी दाबावर हलतात. दर वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मधल्या सुट्टीत एकदा, शाळा सुटल्यावर एकदा. ओठ फुरफुरवत स्वर लावला तरी साधारण तेच काम होतं, पण पाण्यासारखी चुगली ओठ करत नाहीत.

‘घसा वापरू नकोस’ मात्र डोक्यातून काढून टाका. आवाज घशातच तयार होतो. तो मोठा आणि लांब जाणारा होतो तो घड्यांच्या वर, घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीत. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं की वाद्यमेळासमोर माईकशिवाय गाणाऱ्या पुरुषांच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३,००० कंपनांच्या) आसपास ताकद गोळा झालेली असते. वाद्यमेळाचा जोर तिथे ओसरलेला असतो, म्हणून एकटा गळा त्यातून ऐकू येतो. ती ताकद स्वरयंत्राच्या लगेच वरची जागा आकाराने जुळवून घेण्यातून येते, घड्या आपटण्यातून नाही. बायकांचा मार्ग वरच्या स्वरांत थोडा वेगळा असतो, तिथे जबडा सैल सोडून तोंड जास्त उघडलं की बिनखर्चाचा मोठेपणा मिळतो. तार पंचमावर ‘ई’ दातांत धरून ठेवू नका. तिला ‘ए’कडे झुकू द्या. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

आता गोळ्या, गुळण्या आणि कोमट पाणी. गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडतं, घड्या मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. चुकून एक थेंबही घड्यांवर पडला तर ठसका लागतो. म्हणजे ठसका लागला नाही याचा अर्थ तुम्ही प्यायलेलं काहीही तिथवर पोचलेलं नाही. गुळण्यांनी घसा शेकला जातो, बरं वाटतं, करा. पण त्यांच्याकडून स्वरतंतूंची सूज उतरायची अपेक्षा नको. प्यायलेलं पाणी रक्तातून तिथे जातं आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं बाटली रिकामी करून काही साधत नाही. दिवसभर थोडंथोडं प्या. घड्यांना थेट ओलावा द्यायचा तर श्वासातूनच, म्हणजे साधी वाफ. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या गाण्याआधी अजिबात नकोत. दुखतंय हे कळलंच नाही तर थांबणार कसं?

खाकरणं बंद. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण सुजलेल्या गळ्याला काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस खाकरतो. खाकरणं म्हणजे त्या घड्या मुद्दाम एकमेकींवर घासणं. त्याने चिकटा आणखी वाढतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. घोटभर पाणी घ्या किंवा नुसता आवंढा गिळा. गळा वाचवायला कुजबुजूही नका, कित्येक जण कुजबुजताना स्वरयंत्र उलट जास्त आवळतात. त्यापेक्षा खालच्या, शांत आवाजात थोडकं बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे खरं तर मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. दोन महिने झालेत. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांच्या वर टिकला की गळा बघून घ्यायचा असतो, सल्ला विचारत बसायचं नसतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा आणि स्ट्रोबोस्कोपी होते का ते आधी विचारून घ्या. त्यात तुमच्या स्वराच्या वेगाशी किंचित न जुळणाऱ्या वेगाने दिवा लुकलुकतो, त्यामुळे सेकंदाला शेकडो वेळा हलणारी घडी संथ हलताना दिसते आणि मघाशी सांगितलेली लाट कुठे अडते ते कळतं. तुम्ही गाता हे सांगा आणि तपासताना तो हळू वरचा स्वर लावून दाखवा. नुसत्या ‘आ’वर सगळं ठीक दिसू शकतं.

मी वर सूज सूज म्हणत आले तो कयास आहे. नुसती सूज असेल, दोन्ही कडांवर समोरासमोर आलेल्या लहान गाठी असतील, एका बाजूचा फुगवटा असेल, पोटातलं आम्ल वर येत असेल किंवा आणखी काही असेल. बाहेरून ऐकून ते ओळखता येतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही. ‘गाठी’ हा शब्द ऐकून घाबरूही नका. अति आणि जोराच्या वापराने आलेल्या त्या गाठी म्हणजे तळहाताला पडणाऱ्या घट्ट्याची चुलत बहीण. त्यांच्यावर पहिला उपाय बहुधा शस्त्रक्रिया नसतो, आवाज वापरण्याची पद्धत बदलणं हा असतो, आणि ते स्पीच थेरपिस्ट शिकवतात. गाताना किंवा ओरडताना आवाज एकाएकी गेला तर मात्र त्या क्षणी गप्प व्हा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, घडीत रक्तस्राव झालेला असू शकतो. गिळायला त्रास, मानेत गाठ, थुंकीत रक्त, श्वासाला अडथळा, यातलं काहीही असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका. कुठली औषधं चालू आहेत तेही सांगा. सर्दीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, दम्याच्या पंपाने आवाज घोगरा होऊ शकतो. पण विचारल्याशिवाय पंप बंद करायचा नाही.

हे इतकं खडसावून लिहिण्याचा अधिकार मी चुकीतूनच मिळवला आहे. पंचविशीत मी सर्दी-तापात एका कार्यक्रमाला उभी राहिले. ‘आता ऐनवेळी नाही म्हणू नका’ म्हणाले आयोजक, आणि मलाही नाही म्हणायचं नव्हतंच. दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या सा-वर तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पेटीवर सा वाजतोय, लोक बघताहेत, माझं तोंड उघडं. पुढचे तीन आठवडे मी पाटीवर लिहून घरात बोलत होते.

तुमचा प्रश्न होता, रियाज वाढवू की बंद करू. तपासणी होईपर्यंत, ती हळू चाचणी सोडली तर, वरच्या सप्तकाला हात लावू नका. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर त्यानंतर तासभराचा रियाज मोडून पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे करा, पहिला शाळेच्या आधी. ते गाणं गळ्याने कमी आणि मनात जास्त म्हणा. शब्द, लय, श्वासाच्या जागा सगळं मनात बसवता येतं, फक्त वरच्या ओळी खालच्या सप्तकात गुणगुणा. कार्यक्रमाच्या आधीचे दोन दिवस शाळेत लेखी काम द्या. आणि पट्टी उतरवा. काळी चारवरून काळी तीनवर आलात तर तो पंचम ६२२ वरून ५५४ वर येतो, तो तुमच्या आजच्या गळ्याला झेपायची शक्यता कितीतरी जास्त. वाद्यांवरच्या मंडळींना दोन आठवडे आधी कळवा, कुरकुर करतील. ‘माझी पट्टी काळी चार’ हा काही गोत्राचा उल्लेख नव्हे, वयाबरोबर, महिन्याच्या दिवसांबरोबर, झोपेबरोबर पट्टी हलते. चाचणीत हळू वरचा स्वर चौथ्या आठवड्यापर्यंतही परतला नाही तर ते गाणं त्या दिवशी गाऊ नका, दुसरं बसवा.

मुलाचं गाणं थांबवू नका. या वयात मुलाचं स्वरयंत्र भराभर वाढतं, घड्या लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मेंदूला जुन्या मापाची सवय असते, म्हणून बोलता बोलता आवाज घसरतो. त्यात आजार काही नाही. जे चार-पाच स्वर आज सहज लागतात त्यांत त्याला गाऊ द्या, पुढच्या महिन्यात ते बदललेले असतील. जुनी वरची पट्टी धरून ठेवायला लावू नका आणि ‘मोठ्या माणसासारखा’ खर्जही काढायला लावू नका. आवाज फाटला की घरात कुणी हसायचं नाही, एवढं मात्र पाहा. या वयात पोरं गाणं सोडतात ती बहुतेक त्या हसण्यामुळे. संध्याकाळी त्यालाही ग्लास आणि स्ट्रॉ देऊन शेजारी बसवा. बुडबुडे कुणाचे जास्त एकसारखे निघतात यावर तो तुम्हाला हरवायला बघेल.